कच्ची वही, पक्की वही

वाराणसीत बदली होऊन आलेल्या एका बँक अधिकाऱ्याच्या घरी घडलेला हा प्रसंग. मुलगी इयत्ता दुसरीत शिकणारी. शाळेने ‘माझे शहर’ या विषयावर एक चित्र काढून त्याखाली पाच ओळी लिहून आणावयास सांगितले होते. २०२२ च्या ऑगस्टअखेरीस गंगेने वाराणसीत ७१.२६ मीटर ही धोक्याची पातळी ओलांडली होती आणि वडिलांचे बोट धरून मुलीने तो पूर डोळे भरून पाहिला होता. घाटांच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या होत्या. काठावरच्या लहान देवळांची केवळ शिखरे पाण्यावर उरली होती. होड्या वरच्या इमारतींपाशी आणून बांधल्या होत्या आणि गंगेची आरती घाटावर न होता गच्चीवर होत होती. मुलीने चित्रात नेमके हेच काढले. पाणी तपकिरी रंगवले, होडीचा दोर देवळाच्या कळसाला बांधला, गच्चीवर दिवे लावले. रेघा वाकड्या होत्या, रंग चौकटीबाहेर गेला होता आणि दोन ठिकाणी खोडून खोडून कागद झिजला होता.

संध्याकाळी आईने चित्र पाहिले. “नदी कधी तपकिरी असते का? आणि होडी देवळाला कोण बांधतं?” असे म्हणत तिने नवा कागद घेतला आणि शेजारी बसून मुलीकडून एक नीटनेटके चित्र काढून घेतले. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, निळी नदी, कौलारू घर आणि बाजूला नारळाचे झाड. रेघा पट्टीने आखलेल्या, रंग चौकटीच्या आत. शाळेत या चित्राला तारा मिळाला. वाराणसीत डोंगर नाही, ही गोष्ट घरातही कोणाच्या ध्यानात आली नाही आणि शाळेतही. मुलीच्या मात्र ती ध्यानात आली असावी. परंतु तारा मिळाल्यावर ती काही बोलली नाही. पुढच्या तीन चित्रांत तिने आपण होऊन तेच दोन डोंगर काढले.

घटना लहानशी आहे. घरोघरी घडते म्हणून ती कोणाला खटकतही नाही. परंतु तिच्यात एक मोठा व्यवहार होऊन गेला आहे. मुलीने पाहिलेली गोष्ट कागदावरून गेली आणि तिच्या जागी कोणीच न पाहिलेली, पण स्वच्छ दिसणारी गोष्ट आली. नीटनेटकेपणा आणि कल्पकता यांपैकी लहान मुलाच्या अभ्यासात कशाला किती स्थान द्यावे, या प्रश्नाचा विचार या व्यवहारापासून सुरू करावयास हवा.

आईचीही एक बाजू

त्या आईला दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. दर तीन-चार वर्षांनी बदली होणाऱ्या कुटुंबात मुलांच्या शाळेची घडी पुन्हा पुन्हा बसवावी लागते. नवे गाव, नवी भाषा, नवे शिक्षक. महाराष्ट्रातून उत्तर प्रदेशात आलेल्या मुलापुढे तर आणखी एक चमत्कारिक अडचण उभी राहते. लिपी तीच देवनागरी, पण अक्षरांचे वळण निराळे. मराठीत ‘ल’ पाकळ्यांचा आणि ‘श’ देठाचा काढतात. हिंदीच्या पाठ्यपुस्तकांतील ‘ल’ आणि ‘श’ वेगळ्या घडणीचे असतात. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेविषयी निर्णय काढून मराठी वळणच प्रमाण ठरविले. साहजिकच त्या मुलीने आजोबांनी शिकविलेला ‘ल’ शाळेच्या वहीत लिहिला, तेव्हा त्याभोवती लाल वर्तुळ आले. असे तीन-चार वेळा घडल्यावर आईने मनाशी निश्चय केला की, यापुढे वहीत लाल शाई दिसता कामा नये. डोंगरांचे चित्र या निश्चयातून आले होते.

या लाल वर्तुळातून एक बोध मात्र घेण्यासारखा आहे. जो ‘ल’ पुण्यात सुंदर, तोच वाराणसीत चुकीचा ठरतो. म्हणजे अक्षराच्या शुद्धतेचा आणि टापटिपीचा बराचसा भाग हा समाजाने आपसांत केलेला संकेत असतो. संकेत पाळावयास शिकलेच पाहिजे, कारण त्याशिवाय एकाचे लिहिलेले दुसऱ्यास वाचता येणार नाही. परंतु संकेत न पाळणे ही बुद्धीची किंवा चारित्र्याची उणीव नव्हे. मुलाला हे दोन्ही कळावे, अशा रीतीने त्याची चूक दाखविता आली पाहिजे. लाल वर्तुळाखाली ‘मराठीत असा लिहितात, हिंदीत असा’ एवढी एक ओळ लिहिली असती, तर मुलीला चूक कळली असतीच. शिवाय आपल्याला दोन वळणे येतात याचा अभिमानही वाटला असता.

स्वच्छतेचा आग्रह कशासाठी?

टापटिपीची थट्टा करणे हा हल्लीचा एक सोपा मार्ग झाला आहे. मुलांना मोकळे सोडा, वळण आपोआप लागेल, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आपली परंपरा तसे म्हणत नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला वाहिला आहे. अक्षरांची गोलाई, ओळींतील अंतर, मात्रा-वेलांट्या, समास सोडण्याची रीत, बोरू, शाई, कागद अशा साऱ्या गोष्टींचा विचार त्यात आहे. त्यातील एक सूचना विशेष मननीय आहे. तरुणपणी फार बारीक अक्षर लिहिले, तर म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही. म्हणून मध्यम आकाराचे लिहावे, असे समर्थ सुचवितात. लिहिणाऱ्याच्या कौतुकापेक्षा वाचणाऱ्याच्या सोयीकडे त्यांचे लक्ष आहे. सुवाच्य अक्षर ही वाचणाऱ्याविषयीची सभ्यता आहे, हा त्याचा अर्थ.

बँकेच्या ग्राहकांना आणि कर्मचाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको. धनादेशावरील एखादा आकडा संदिग्ध असला, तर खातेदार, लिपिक आणि रक्कम घेणारा अशा तिघांचाही खोळंबा होतो. धनादेशाची केवळ प्रतिमा पाठवून वटणावळ करण्याची पद्धत आली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०१० पासून अशा धनादेशांवर तारखेखेरीज अन्य खाडाखोड स्वीकारू नये, असा दंडक घातला. पैशाच्या व्यवहारात स्वच्छ लेखन ही हौस नसून सुरक्षितता आहे.

महात्मा गांधींनीही आपल्या आत्मकथेत स्वतःच्या खराब अक्षराविषयी खंत व्यक्त केली आहे. सुंदर अक्षर हा शिक्षणाचा आवश्यक भाग नाही, असा समज लहानपणी त्यांनी करून घेतला होता. पुढे दक्षिण आफ्रिकेत तेथील वकिलांचे आणि शिकलेल्या तरुणांचे मोत्यासारखे अक्षर पाहून त्यांना स्वतःची लाज वाटली. पण तोपर्यंत उशीर झाला होता. खराब अक्षर हे अपुऱ्या शिक्षणाचे लक्षण मानले पाहिजे, इथपर्यंत ते गेले. मात्र त्यावर त्यांनी जो उपाय सुचविला, तो पालकांच्या सहसा ध्यानात येत नाही. मुलांना आधी चित्रकला शिकवावी आणि मग अक्षरे, असे ते म्हणतात. मूल जसे फूल किंवा पक्षी पाहून ओळखते, तसेच अक्षरही पाहून ओळखू लागेल आणि वस्तू रेखाटता आल्यावर ते अक्षर काढू लागेल, म्हणजे त्याचे वळण सुंदर येईल, असा त्यांचा विचार होता. सुंदर अक्षराच्या या कट्टर पुरस्कर्त्याने सुंदर अक्षराचा मार्ग मोकळ्या चित्रातून दाखविला आहे. आपण मात्र अक्षर सुधारण्यासाठी चित्राचा तास कमी करतो.

हरताळ आणि हंसपद

काशी ही पोथ्यांची नगरी. पैठणहून येथे येऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या धर्मशास्त्रावर ग्रंथ रचले. १६७४ साली शिवछत्रपतींचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्यातले. अशा पंडितांच्या या नगरीतील संस्कृत विश्वविद्यालयाच्या सरस्वती भवन ग्रंथालयात हस्तलिखितांचा फार मोठा संग्रह जतन करून ठेवलेला आहे. जुनी पोथी उघडली की, तिची सरळ ओळ आणि एकसारखे अक्षर पाहून मन प्रसन्न होते. पण बारकाईने पाहिले, तर आणखीही काही दिसते. कोठे एखादे अक्षर चुकले असेल, तर त्यावर पिवळी हरताळ लावून ते झाकले जाई. कोठे शब्द गळला असेल, तर तेथे हंसपदाची खूण करून तो समासात लिहिला जाई. आपल्या भाषेतील ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार या लेखनिकांच्या रीतीतूनच आला.

पोथी नकलून काढणाऱ्या तरबेज हातांकडूनही चुका होत, हे त्या काळाने गृहीत धरले होते. नव्हे, चूक दुरुस्त करण्यासाठी वेगळे द्रव्य आणि वेगळी खूण ठरविली होती. समास सोडण्याचा एक उपयोगही तोच. मग अवघ्या सात वर्षांच्या मुलाच्या वहीत एकही खाडाखोड असू नये, ही अपेक्षा कोणत्या परंपरेला धरून आहे? मनगटातील लहान हाडांची वाढ दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत चालू असते. बोटांची पकड पक्की होण्यासही वेळ लागतो. दुसरीतल्या मुलाची रेघ थरथरते, ती बहुतेक वेळा आळसाने नव्हे. पाने फाडून पुन्हा पुन्हा लिहावयास लावल्याने हात लवकर तयार होत नाही. लिहिण्याविषयीची नावड मात्र लवकर तयार होते.

काही मुलांच्या बाबतीत याहून अधिक सावध राहावयास हवे. बोलण्यात हुशार, समज उत्तम, पण अक्षर काही केल्या सुधारत नाही, अशा मुलाला लेखन-अक्षमता असू शकते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतांत तिचा स्पष्ट उल्लेख आहे. अशा मुलाला रागावण्यापेक्षा तज्ज्ञांना दाखविणे हे पालकांचे कर्तव्य ठरते.

रियाज आणि मैफल

मग तोल साधावा कसा? त्याचे उत्तर वाराणसीच्या गल्ल्यांतूनच मिळते. शहनाईनवाज उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी पंचगंगा घाटाजवळच्या बालाजी मंदिरात वर्षानुवर्षे रियाज केला. रियाजात तेच ते स्वर पुन्हा पुन्हा घोटावयाचे असतात आणि ते चुकतातही. मैफलीत तीच चूक खपत नाही. कलावंताला या दोन्ही वेळा निरनिराळ्या ठेवता येतात. रियाजाच्या पहाटे कोणी टाळ्या वाजवीत नाही आणि कोणी नावेही ठेवीत नाही.

बनारसी शालूचेही तसेच. मागावर विणकराचे काम अतिशय काटेकोर. एक धागा चुकला की बुट्टी बिघडते. परंतु त्याआधी नक्षीकार कागदावर वेल, फूल, कोयरी रेखाटतो. ती पसंत पडली की चौकटीच्या कागदावर घराघरांनी भरली जाते, मग तिच्यावरून पुठ्ठ्यांना छिद्रे पाडली जातात आणि अखेरीस ती रेशमात उतरते. पहिल्या रेखाटनाच्या वेळीच कोणी धागे मोजावयास बसले, तर नवी वेल जन्मालाच येणार नाही. उलट शेवटच्या पायरीवर कोणी मनमानी केली, तर शालू विकला जाणार नाही.

हिशेबाच्या शास्त्राला ही गोष्ट फार पूर्वीच उमगली आहे. वाणिज्याचे विद्यार्थी ज्यांचे नाव पहिल्या वर्षी शिकतात, त्या लुका पाचोली यांचा द्विनोंदी पद्धतीचे विवेचन करणारा ग्रंथ १४९४ साली व्हेनिसमध्ये छापला गेला. त्यात व्यापाऱ्याने तीन वह्या ठेवाव्यात असे सांगितले आहे. पहिली टिपणवही, तिच्यात दिवसभरातील व्यवहार घडतील तसे, घरातील लिहिता येणाऱ्या कोणीही नोंदवावेत. दुसरी रोजकीर्द आणि तिसरी खतावणी; यांत तेच व्यवहार क्रमाने, नियमाने आणि स्वच्छ अक्षरात उतरवावेत. आपल्याकडील व्यापाऱ्यांतही कच्चे आणि पक्के असा भेद रूढ आहेच. कच्च्या वहीची शोभा कोणी पाहत नाही. तिच्यात काही सुटले नाही ना, एवढेच पाहिले जाते. पक्क्या वहीत मात्र गिचमिड चालत नाही. कच्च्या वहीशिवाय पक्की वही लिहिली, तर ती दिसावयास देखणी होईल, पण खरी असेल याची खात्री कोण देणार?

त्या दुसरीतल्या मुलीच्या बाबतीत नेमके हेच घडले. तिचे पुराचे चित्र ही टिपणवही होती. डोंगरांचे चित्र ही टिपणवहीशिवाय लिहिलेली खतावणी होती: देखणी, बिनचूक आणि खोटी.

राजघाटची शिकवण

वाराणसीतच, गंगा आणि वरुणा यांच्या संगमाजवळ राजघाट येथे, जे. कृष्णमूर्ती यांच्या विचारांवर आधारलेली शाळा १९३४ पासून चालू आहे. या परिसराशी एका मराठी माणसाचे नाव निगडित आहे. १९४२ च्या लढ्यातील भूमिगत नेते अच्युतराव पटवर्धन हे मूळचे अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे. त्यांचे उच्च शिक्षण वाराणसीत झाले. १९५० मध्ये राजकारणातून निवृत्त झाल्यावर त्यांनी अध्यापनाला आणि कृष्णमूर्तींच्या कार्याला वाहून घेतले. १९९२ साली वाराणसीतच त्यांचे निधन झाले. सत्तेच्या उंबरठ्यावरून मागे फिरून शिक्षणाकडे वळलेल्या या माणसाने जो विचार जवळचा मानला, त्याचा एक गाभा असा की, तुलनेतून भीती जन्मते आणि भीती असेल तेथे शिकणे थांबते.

‘शेजारच्या मुलीची वही बघ, कशी स्वच्छ आहे!’ हे वाक्य उच्चारताना पालकांचा हेतू चांगलाच असतो. पण मुलाच्या कानी पडते ते एवढेच की, आपण त्या मुलीहून उणे आहोत. मग ते चुकू नये म्हणून धडपडते आणि चुकू नये म्हणून सर्वांत सुरक्षित तेच काढते: दोन डोंगर आणि मधला सूर्य.

याचा अर्थ शिस्त नको असा मात्र नव्हे. मारिया मॉन्टेसरी १९३९ साली भारतात आल्या आणि येथील मुक्कामात त्यांनी शेकडो शिक्षकांना प्रशिक्षण दिले. त्यांच्या बालघरात मुलाला काम निवडण्याची मोकळीक असते, पण काम झाल्यावर साहित्य जागच्या जागी ठेवण्याचा नियमही असतो. लेखनापूर्वी हात तयार व्हावा म्हणून तेथे मुले धातूच्या आकृत्यांच्या कडेने रेघ ओढतात आणि आतला भाग रंगीत पेन्सिलीने भरतात. चित्र काढता काढता अक्षराची तयारी होते. कोणाला ओरडावे लागत नाही. ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी हीच दृष्टी बोर्डी आणि कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत नेली. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने वापरली. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, अंगण झाडणे यांपासून त्यांची शाळा सुरू होई आणि त्याच अंगणात मुले गात, नाचत, चित्रे काढीत. स्वच्छता आणि सर्जन एकाच अंगणात सुखाने नांदू शकतात, हे या दोघींनी प्रत्यक्ष करून दाखविले.

घरी करता येण्याजोगे

या साऱ्यातून पालकांना उचलता येण्याजोगी पहिली गोष्ट म्हणजे दोन वह्या. एक कच्ची; पाठकोऱ्या कागदांची शिवलेली असली तरी उत्तम. तिच्यात मुलाने हवे ते, हवे तसे लिहावे, खोडावे, रंगवावे. तिला गुण नाहीत आणि तिच्यावर मोठ्यांच्या पेन्सिलीची रेघही उमटता कामा नये. दुसरी पक्की वही. कच्च्या वहीतील जे मुलाला इतरांस दाखवावेसे वाटेल, ते तिच्यात सावकाश, समास सोडून, स्वच्छ अक्षरात उतरवावे. नीट लिहावयाचे ते कोणीतरी वाचणार आहे म्हणून, ही जाणीव मुलाला येथे आपोआप होते.

दुसरी गोष्ट पाहण्याच्या क्रमाची. मुलाने काही दाखविले की आधी ‘यात काय आहे, ते सांग’ असे विचारावे. अक्षराकडे मागाहून वळावे. त्या आईने एवढे विचारले असते, तर तपकिरी पाण्याचा आणि कळसाला बांधलेल्या होडीचा उलगडा एका मिनिटात झाला असता. चूक दाखवावयाची ती एका वेळी एकच. आज दोन शब्दांतील अंतर, पुढच्या आठवड्यात शिरोरेघ. वळण लावण्यासाठी रोज दहा मिनिटांचा कित्ता पुरेसा आहे. आवर्ती ठेवीप्रमाणे त्याचे मोल हप्त्याच्या आकारात नसून नियमितपणात आहे. डावखुऱ्या मुलाचा हात बदलू नये, ही सूचना आजच्या काळातही काही घरांत करावी लागते.

तिसरी गोष्ट शिक्षकांच्या हाती आहे. आशय आणि टापटीप यांना एकत्र गुण न देता वेगवेगळे दिले, तर मुलालाही कळते आणि पालकांनाही. केंद्र शासनाच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच देऊ नये, त्याऐवजी मुलांना आदल्या संध्याकाळविषयी वर्गात बोलते करावे, असे सुचविले आहे. धोरण असे सांगते आणि घराघरांत मात्र रात्री नऊ वाजता आई-वडील मुलाचे प्रकल्प चिकटवीत बसलेले असतात. त्या देखण्या प्रकल्पांत मुलाचा वाटा कित्येकदा नाव लिहिण्यापुरताच उरतो. बँकेत दुसऱ्याच्या सहीने व्यवहार झाला, तर त्याला आपण काय म्हणतो, याचा विचार प्रत्येक पालकाने आपल्याशी करावा.

काही पालक म्हणतील की, स्पर्धेच्या जगात गुण मिळतात ते स्वच्छ वहीला. हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच पक्की वही हवी आणि ती उत्तमच असावयास हवी. प्रश्न पक्की वही नसावी असा नाहीच. तिच्यात उतरविण्यासाठी मुलापाशी स्वतःचे काही उरावे, एवढाच आहे. हात कित्त्याने सुधारतो आणि दहाव्या-बाराव्या वर्षीही सुधारतो. ‘मी पाहिले ते सांगण्याजोगे आहे’ हा विश्वास एकदा मिटला, तर तो परत आणणारा कित्ता अद्याप छापला गेलेला नाही.

पुन्हा घाटावर

त्याच वर्षी पितृपक्षात त्या मुलीचे आजोबा काशीला आले. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, अक्षर मोत्यासारखे. नातीच्या चित्रकलेच्या वहीत ओळीने चार वेळा तेच डोंगर पाहून ते थबकले. “हे डोंगर कुठले गं?” त्यांनी विचारले. “सगळेच काढतात, आजोबा,” ती म्हणाली. आजोबा पुढे काही बोलले नाहीत. जुन्या पत्रकांचे पाठकोरे कागद त्यांनी दाभणाने शिवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नातीला घेऊन ते घाटावर गेले. पूर ओसरला होता. पायऱ्यांवर जाड गाळ साचला होता आणि माणसे पाण्याचा मोठा झोत सोडून तो धूत होती. मुलीने ते काढले, खोडले, पुन्हा काढले. आजोबा शेजारी बसून नदी पाहत राहिले. पेन्सिल त्यांनी हातात घेतली नाही.

घरी परतल्यावर आईने ती पाठकोरी वही उघडून पाहिली. या वेळी तिने आधी विचारले, “हे काय आहे गं?” मुलगी बराच वेळ सांगत होती. गाळ कसा घसरतो, पाणी कसे उडते, पुरात होडी कुठे बांधली होती आणि आता ती कुठे आहे. आईला पुराचे ते पहिले चित्र आठवले. पण ते रद्दीत गेले होते.

थोड्या वेळाने मुलीने आपण होऊन चांगला कागद मागितला. त्यावर तेच चित्र पुन्हा काढावयास ती बसली आणि दोन रेघा ओढून थांबली. “आई, पट्टी दे ना. पायऱ्या सरळ यायला हव्यात, नाहीतर बाईंना कळणार नाही की त्या पायऱ्या आहेत.”

पट्टी तिने स्वतः मागितली होती. त्या पट्टीने आखलेल्या पायऱ्या सरळ आल्या आणि त्यांवरचा गाळ तपकिरीच राहिला.